माकडांच्या पोटातले जंत कसे ओळखायचे: रानातल्या विष्ठेपासून नोंदवहीतल्या नावापर्यंत

मायक्रोस्कोपखाली पहिलं अंडं दिसलं की हात आपसूक पुस्तकाकडे जातो. चित्राशी चित्र जुळवायचं, खालचं लॅटिन नाव उतरवायचं आणि पुढच्या स्लाइडकडे वळायचं. रानातल्या माकडांच्या बाबतीत हीच घाई नडते. पुस्तकांतली बहुतेक चित्रं माणसाच्या किंवा गुराढोरांच्या जंतांची असतात. माकडाच्या पोटातून निघालेलं अंडं त्यांच्यासारखं दिसलं तरी ते त्यांचंच असेल याची खात्री नसते. म्हणून पूर्ण पद्धत सांगताना एका गोष्टीचा आग्रह मी सोडणार नाही: जेवढं पाहिलं आणि मोजलं, नाव तेवढ्यापुरतंच लिहायचं.

प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, पशुवैद्यक आणि वनविभागाबरोबर काम करणारे कार्यकर्ते यांच्यासाठी हे लिहितो आहे. उदाहरणं आपल्याकडचीच घेतली आहेत. महाराष्ट्रात तीन तऱ्हेची माकडं भेटतात. लांब शेपटीचं, डोक्यावर केसांची टोपी असलेलं लाल तोंडाचं बॉनेट मकाक, म्हणजे कोकणातली केलडी. आखूड शेपटीचं, उत्तरेकडून खाली सरकलेलं ऱ्हीसस मकाक. आणि काळ्या तोंडाचं वानर, म्हणजे हनुमान लंगूर. हा फरक जंतांसाठी महत्त्वाचा आहे. वानर मुख्यतः पाला खातं आणि बराच वेळ झाडावर असतं. मकाक जमिनीवर उतरतं, किडे खातं, उकिरडा उपसतं, देवळाच्या पायरीवर पडलेला प्रसाद उचलतं. मातीतून आणि किड्यांतून येणारे जंत मकाकात जास्त मिळतील, असं मनाशी धरूनच नमुने बघायला बसावं. मात्र तो अंदाज स्लाइडवर लादू नये.

रानात जाण्याआधी

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात विष्ठा गोळा करायची असली तरी वनविभागाची लेखी परवानगी लागते. विष्ठाच तर आहे, असं म्हणून चालत नाही. परवानगीच्या अर्जात नमुने कुठे तपासणार आणि शेवटी त्यांचं काय करणार, हेही लिहा.

दुसरी तयारी स्वतःच्या जिवासाठी. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे २०१६ पासून आणि गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये सापडलेला हा आजार गोचिडींमार्फत पसरतो, आणि कोरड्या महिन्यांत, साधारण नोव्हेंबर ते मे या काळात, त्याचा जोर असतो. नेमके हेच महिने आपण नमुन्यांसाठी झाडांखाली वाकून फिरतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मोज्यात खोचलेली पँट, गोचीड पळवणारं औषध आणि घरी आल्यावर अंगभर तपासणी, यांत कसूर नको. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनविभागाला आणि आरोग्य केंद्राला कळवा. मकाक चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण-पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुऊन लगेच डॉक्टरकडे जा. रेबीजबरोबरच मकाकांमधल्या हर्पीस बी विषाणूचीही भीती असते, आणि ती डॉक्टरांना तुम्ही आपणहून सांगायला हवी.

नमुना कधी आणि कसा उचलायचा

सगळ्यात चांगली वेळ पहाटेची. टोळी ज्या झाडावर किंवा कड्यावर रात्री मुक्कामाला असते तिथे उजाडायच्या आधी पोचायचं आणि लांब बसायचं. जाग आल्यावर थोड्याच वेळात बहुतेक जण पोट मोकळं करतात. टोळी पुढे सरकू द्या, मगच झाडाखाली जा. पिल्लंवाल्या माद्या असताना घाई केली तर टोळी बिथरते आणि दुसऱ्या दिवशी जागा बदलते.

विष्ठा डोळ्यांदेखत पडलेली असावी. ते जमलं नाही तर निदान ओलसर, चकाकी असलेली आणि माश्या-भुंगेऱ्यांनी न उकरलेली असावी. मातीला टेकलेला भाग घेऊ नका. मातीत मोकळे जगणारे असंख्य सूक्ष्म सूत्रकृमी असतात, ते अर्ध्या-एक तासात विष्ठेत शिरतात आणि मायक्रोस्कोपखाली परजीवी अळीचं सोंग घेतात. लाकडी काडीने वरचा थर बाजूला सारून आतला भाग उचलायचा. दर नमुन्याला नवी काडी, नवे हातमोजे.

डबीवर पेन्सिलीने लिहा, कारण पेनाची शाई अल्कोहोलने पुसली जाते. तारीख, वेळ, जागा, माकडाची जात, टोळी, नर की मादी, प्रौढ की पिल्लू आणि विष्ठेचं रूप म्हणजे घट्ट, मऊ, पातळ, शेंबडासारखा चिकट पदार्थ किंवा रक्त. इथे एक हिशेब आधीच पक्का करा. वीस जणांच्या टोळीतून तीस नमुने आणले म्हणजे तीस माकडं तपासली असं होत नाही. कोणाचा नमुना आहे ते माहीत नसेल तर "टोळीतले तीस नमुने" असंच लिहा, "तीस माकडं" लिहू नका.

एका नमुन्याचे वाटे

प्रत्येक द्रावण वेगळ्या कामाचं असतं, म्हणून नमुना जागेवरच वाटून टाकायचा. एक वाटा १० टक्के फॉर्मलिनमध्ये, विष्ठा एक भाग आणि द्रावण तीन भाग. यात अंडी आणि कोष (एकपेशीय जीवांचं कवचातलं रूप) वर्षानुवर्षं टिकतात. दुसरा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, पुढे डीएनए काढायचा असेल तर. फॉर्मलिनमधल्या नमुन्यातून डीएनए नीट मिळत नाही, त्यामुळे हा वाटा विसरलात तर नंतर भरून काढता येत नाही. तिसरा २.५ टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये, कॉक्सिडिया वर्गातल्या एकपेशीय जीवांचे कोष पिकवण्यासाठी. आणि चौथा तसाच ताजा, ओलसर, सावलीत, अळ्या वाढवून बघण्यासाठी. हा चौथा वाटा फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने अंकुशकृमी (हुकवर्म) आणि स्ट्राँगिलॉइडिस या बारीक गोल जंतांच्या अळ्या मरतात. फॉर्मलिन आणि डायक्रोमेट दोन्ही विषारी आहेत. हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा.

पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये मी एका घाटातून बारा ताजे नमुने आणले आणि उशीर झाला म्हणून डब्या रात्रभर गाडीतच राहू दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी स्लाइड लावली तर सात नमुन्यांत अळ्या वळवळत होत्या. विष्ठेत अळ्या दिसल्या म्हणजे स्ट्राँगिलॉइडिस, असा समज मनात पक्का होता आणि मी तसंच लिहिलं. पुढे फॉर्मलिनमधले त्याच नमुन्यांचे वाटे पाहिले तेव्हा त्यांत एकही अळी नव्हती. होती ती साधी पातळ कवचाची अंडी, जी गाडीतल्या उष्म्याने रातोरात फुटली होती. त्या सात नोंदी मी खोडल्या. तेव्हापासून ताज्या वाट्याच्या डबीवर "गोळा केल्याची वेळ" आणि "पाहिल्याची वेळ" असे दोन रकाने असतात, आणि बारा तासांपुढच्या नमुन्यातल्या अळीला मी नाव देत नाही.

आधी डोळ्यांनी

थेट मायक्रोस्कोपकडे धावू नका. विष्ठा पांढऱ्या ट्रेमध्ये पसरा, खारं पाणी घालून बारीक चाळणीतून धुवा, मग काळ्या कागदावर बघा. सुतासारखे पांढरे, एक सेंटिमीटरच्या आसपासचे, एका टोकाला टोकदार शेपूट असलेले जंत म्हणजे पिनवर्म. ते बऱ्याचदा विष्ठेच्या पृष्ठभागावरच असतात. भाताच्या दाण्यासारखे किंवा रुंद पट्टीसारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमीचा भाग. बर्टिएला या पट्टकृमीचे तुकडे रुंदीला जास्त आणि लांबीला फार कमी असतात, आणि ते सुटे न पडता एकमेकांना जोडून पट्टीसारखे बाहेर येतात.

गोल जंत मिळाला तर खाऱ्या पाण्यात धुऊन गरम ७० टक्के अल्कोहोलमध्ये सोडा, म्हणजे तो सरळ ताठ होतो. थंड द्रावणात टाकला तर वेटोळं होऊन बसतो आणि मोजता येत नाही. पट्टकृमी आधी काही तास गार पाण्यात सैल होऊ द्या, मग अल्कोहोलमध्ये ठेवा. पूर्ण वाढलेला जंत हाती लागणं हा या कामातला सगळ्यात मोलाचा क्षण आहे, कारण प्रजातीपर्यंत नेणारी लक्षणं बहुधा त्याच्याच अंगावर असतात.

थेट स्लाइड

एका स्लाइडवर दोन थेंब: डावीकडे ०.८५ टक्के मिठाचं पाणी, उजवीकडे ल्युगॉलचं आयोडीन. काडीच्या टोकावर काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढी विष्ठा घेऊन आधी मिठाच्या पाण्यात आणि मग आयोडीनमध्ये कालवा, आणि कव्हरस्लिप ठेवा. थर इतका पातळ हवा की स्लाइड वर्तमानपत्रावर ठेवली तर खालची अक्षरं वाचता यावीत. मिठाच्या पाण्यात हालचाल दिसते, आयोडीनमध्ये ती थांबते पण केंद्रकं दिसायला लागतात, म्हणून दोन्ही बाजू बघायच्या. आधी १० च्या लेन्सने एका कोपऱ्यापासून नांगरल्यासारखं ओळीने सगळं क्षेत्र फिरा, संशय आला की ४० वर जा. पातळ विष्ठेतले हलते एकपेशीय जीव अर्ध्या तासात मरू लागतात, म्हणून अशा नमुन्याचा नंबर पहिला.

तरंगवणं आणि बसवणं

थेट स्लाइडमध्ये विष्ठा इतकी कमी असते की तुरळक अंडी निसटतात. म्हणून ती गोळा करण्याच्या दोन पद्धती, आणि दोन्ही करायच्या.

तरंगवण्याचं तत्त्व सोपं आहे: द्रावण अंड्यापेक्षा जड असेल तर अंडं वर येतं. मिठाचं संपृक्त द्रावण साधारण १.२० घनतेचं असतं, स्वस्त आणि कुठेही करता येणारं. साखरेचं १.२७ च्या आसपास असतं, आणि जड अंड्यांना व क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या बारीक कोषांना उपयोगी पडतं. ३३ टक्के झिंक सल्फेट १.१८ घनतेचं असतं आणि जिआर्डियाचे नाजूक कोष मिठापेक्षा त्यात कमी चुरगळतात. दोन-तीन ग्रॅम विष्ठा पाण्यात कालवून गाळा, सेंट्रिफ्यूजमध्ये १५०० आरपीएमला (मिनिटाला १५०० फेरे) पाच मिनिटं फिरवा, वरचं पाणी ओता, तळाच्या गाळात द्रावण घालून पुन्हा फिरवा. मग नळी काठोकाठ भरून वर कव्हरस्लिप टेकवा आणि दहा मिनिटांनी अलगद उचला. मिठात जास्त वेळ ठेवलंत तर अंडी सुरकुततात आणि स्लाइडवर मिठाचे स्फटिक धरतात.

चपट्या पर्णकृमींची झाकणवाली अंडी मात्र जड असतात, ती तरंगत नाहीत. त्यांच्यासाठी फॉर्मलिन-इथाइल ॲसिटेट पद्धत. फॉर्मलिनमध्ये कालवलेल्या, गाळलेल्या विष्ठेत इथाइल ॲसिटेट घालून जोरात हलवायचं आणि ५०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट बलाने दहा मिनिटं फिरवायचं. नळीत चार थर पडतात: वर इथाइल ॲसिटेट, त्याखाली घाणीचं बूच, मग फॉर्मलिन आणि तळाशी गाळ. बूच काडीने कडेने मोकळं करून वरचं सगळं एका झटक्यात ओतायचं, उरलेला गाळ बघायचा. पाला खाणाऱ्या वानराच्या विष्ठेत हे बूच फार जाड होतं, तिथे विष्ठा कमी घ्या. इथाइल ॲसिटेट पेट घेतं, जवळ स्पिरिटचा दिवा नको.

मोजपट्टी नसेल तर नाव नाही

हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवलं आहे. आयपीसमधल्या मोजपट्टीच्या रेघांना स्वतःचं माप नसतं, ते प्रत्येक लेन्ससाठी आपण ठरवायचं असतं. स्टेज मायक्रोमीटर ही १ मिलिमीटरचे १०० भाग केलेली स्लाइड असते, म्हणजे तिचा एक भाग १० मायक्रॉन. समजा ४० च्या लेन्सखाली आयपीसच्या ४० रेघा स्टेजच्या १० भागांवर बरोबर बसल्या. १० भाग म्हणजे १०० मायक्रॉन, म्हणून एक रेघ २.५ मायक्रॉन. आता एखादं अंडं २२ रेघा लांब आणि १० रेघा रुंद भरलं तर ते ५५ बाय २५ मायक्रॉनचं झालं. मायक्रोस्कोप बदलला की पुन्हा माप काढायचं. एकाच अंड्यावर थांबू नका, मिळतील तेवढी, निदान दहा अंडी मोजा आणि सगळी मापं लिहा.

अंड्यांशी ओळख

सर्वांत सोपं ट्रायक्युरिसचं, म्हणजे चाबूककृमीचं. तपकिरी, पिंपासारखं, दोन्ही टोकांना पारदर्शक बूच, साधारण ५० ते ५५ मायक्रॉन लांब आणि २० ते २५ रुंद. मकाकात आणि वानरात दोन्हींकडे याची सवय होऊन जाते. लोक झटकन "ट्रायक्युरिस ट्रायक्युरा" लिहितात. पण डीएनएच्या अभ्यासांतून दिसलं आहे की माकडांतले आणि माणसांतले चाबूककृमी ही एकच प्रजाती नाही, त्यांत वेगवेगळे वंश आहेत. अंड्यावरून ते उलगडत नाहीत. लिहायचं "ट्रायक्युरिस प्रजाती", त्यापुढे काही नाही. दोन बुचं असलेलं पण बाजू सपाट, कवचावर रेषा आणि बुचं कमी उठावाची असलेलं अंडं दिसलं तर कॅपिलॅरिया गटाचा विचार करा.

पिनवर्मचं अंडं ५० ते ६० मायक्रॉन, एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर. विष्ठेत ते फार कमी मिळतं, कारण मादी अंडी गुदद्वाराबाहेर घालते. म्हणून अंडं मिळालं नाही याचा अर्थ पिनवर्म नाही असा घेऊ नका.

ॲस्केरिसचं, म्हणजे मोठ्या गोल जंताचं अंडं जाड, वर उंचवट्यांचं, पिवळसर तपकिरी. आतल्या जंगलातल्या टोळीत ते मिळालं तर मी थबकतो आणि आसपास माणसांची वहिवाट कुठे आहे ते शोधतो. घाटातल्या वळणांवर थांबून वेफर्स आणि केळी टाकणारे प्रवासी, देवस्थानामागचं उघड्यावरचं मलविसर्जन, उघड्या कचराकुंड्या यांचा माग अशा वेळी घ्यावा लागतो. जंत दोन्ही दिशांनी जातात, आणि माकडाला हातावर खाऊ देणाऱ्या लहान मुलाचा विचार माझ्या मनातून जात नाही.

जाड कवच आणि आत गुंडाळलेली तयार अळी असलेली अंडी स्पायरुरिड गटाची, म्हणजे स्ट्रेप्टोफॅरॅगस, फायसॅलोप्टेरा यांच्यासारख्या जंतांची. यांचा प्रवास किड्यांमधून होतो, म्हणून भुंगेरे-झुरळं खाणाऱ्या मकाकात ती शोधायची.

पट्टकृमींत बर्टिएलाचं अंडं ५० मायक्रॉनच्या आसपासचं, थोडं वेडंवाकडं, आणि आतल्या गर्भाभोवती नासपतीच्या आकाराची, दोन शिंगांची रचना. हिचा मधला यजमान, म्हणजे अळी जिच्यात वाढते तो जीव, मातीतले आणि पालापाचोळ्यातले बारीक ओरिबॅटिड माइट. भारतात माणसांतही ही सापडलेली आहे. हायमेनोलेपिस नानाचं अंडं लहान, ३० ते ४७ मायक्रॉनचं आणि आत टोकांकडून निघणारे बारीक धागे. डिमिन्युटाचं मोठं, ७० ते ८५ मायक्रॉनचं आणि धाग्यांविना. दोन्हींत सहा बारीक आकड्या दिसायला हव्यात. त्या दिसल्या नाहीत तर पट्टकृमी म्हणू नका.

पातळ कवचाची अंडी: इथे थांबा

खरी कसोटी इथे लागते. अंडाकृती, पातळ एकपदरी कवच, आत पेशींचा पुंजका. अशी अंडी ईसोफॅगोस्टोमम, अंकुशकृमी आणि ट्रायकोस्ट्राँगिलस या तिघांचीही असतात. ईसोफॅगोस्टोममची ६० ते ८५ मायक्रॉन, अंकुशकृमींची ५५ ते ७५, म्हणजे मापं एकमेकांत शिरलेली. ट्रायकोस्ट्राँगिलसचं थोडं लांब, ७५ ते ९५, आणि एक टोक निमुळतं. आतल्या पेशींची संख्या सांगून काही लोक नाव ठरवतात, पण नमुना जसजसा जुना होतो तशा पेशी वाढत जातात, त्यामुळे तो पुरावा कच्चा. अंड्यावर थांबायचं असेल तर "स्ट्राँगाइल-छाप अंडी" एवढंच लिहा.

पुढे जायचं असेल तर अळ्या वाढवाव्या लागतात. ताजी विष्ठा लोणारी कोळशाच्या चुऱ्यात मिसळा, पाण्याने ओलसर करा, पण चिखल होऊ देऊ नका. झाकणाच्या पेट्रीडिशमध्ये २५ ते २७ अंशांवर आठ-दहा दिवस ठेवा आणि रोज झाकण क्षणभर उघडून हवा द्या. मग सगळं मलमलीच्या पुरचुंडीत बांधून नरसाळ्यात कोमट पाण्यात बुडवा. नरसाळ्याच्या दांड्याला रबरी नळी आणि चिमटा. अळ्या पाण्यात उतरून तळाशी जमतात, बारा ते चोवीस तासांनी चिमटा सैल करून पहिले काही थेंब घ्या. या अवस्थेत हातमोज्यांशिवाय बोट लावू नका. अंकुशकृमी आणि स्ट्राँगिलॉइडिस यांच्या तिसऱ्या अवस्थेच्या अळ्या अखंड कातडीतून आत शिरतात.

आयोडीनचा एक थेंब सोडला की अळी शांत होते आणि आतडं दिसतं. ईसोफॅगोस्टोममच्या अळीला बाहेरचं म्यान असतं, त्याचं शेपूट धाग्यासारखं लांब गेलेलं आणि आतड्याच्या पेशी मोठ्या, त्रिकोणी, मोजता येण्याजोग्या. ट्रायकोस्ट्राँगिलसच्या म्यानाची शेपटी आखूड आणि आतड्यात सोळा पेशी. अंकुशकृमीच्या अळीलाही म्यान असतं, पण आतड्याच्या पेशी अशा स्पष्ट दिसत नाहीत. स्ट्राँगिलॉइडिसच्या अळीला म्यान नसतं, अन्ननलिका अंगाच्या जवळजवळ निम्मी लांब आणि शेपटीच्या टोकाला खाच. ही खाच पहिल्यांदा नीट दिसायला मला तीन दिवस लागले होते. लेन्स वर-खाली करत राहा, ती एका क्षणात उमटते आणि पुन्हा हरवते.

माकडांतल्या स्ट्राँगिलॉइडिसबद्दल आणखी एक. माणसातली ओळखीची प्रजाती, स्टर्कोरॅलिस, विष्ठेत अळीच सोडते. जुन्या जगातल्या माकडांत आढळणारी फ्युलेबॉर्नी मात्र अंडी सोडते. छोटी, ५० मायक्रॉनच्या आसपासची, पातळ कवचाची, आत वळलेली अळी. ताज्या नमुन्यातच अशी अळीसह अंडी दिसली तर संशय बळकट होतो. म्हणूनच वेळेची नोंद इतकी महत्त्वाची.

एकपेशीय जीव

इथे आयोडीनची बाजू आणि ४० किंवा १०० ची लेन्स. एंटामिबा कोलाय या अमीबाचा पिकलेला कोष १५ ते २५ मायक्रॉन, आत आठ केंद्रकं. एंटामिबा हिस्टॉलिटिकाचा लहान, १२ ते १५, आत चार. पण चार केंद्रकांचा तसाच कोष डिस्पार आणि नट्टालाय या दुसऱ्या एंटामिबांचाही असतो, आणि मकाकांत नट्टालाय सापडलेली आहे. डोळ्यांनी यांतलं काही वेगळं करता येत नाही, पीसीआर ही डीएनएची चाचणी लागतेच. ती केली नसेल तर "चार केंद्रकांची एंटामिबा, हिस्टॉलिटिका गट". एवढ्यासाठी गावकऱ्यांमध्ये "माकडांमुळे आमांश" अशी बातमी पसरू देणं अन्यायाचं आहे.

आयोडअमिबाचा कोष एका तपकिरी डागावरून कळतो, तो ग्लायकोजेनचा साठा. जिआर्डियाचा कोष लांबट, ११ ते १४ मायक्रॉन, आत चार केंद्रकं आणि मधोमध धागे. बॅलंटिडियम कोलाय, ज्याला आता बॅलंटिऑइडिस म्हणतात, फार मोठा. त्याचा कोष ५० ते ७० मायक्रॉनचा आणि आत वाटाण्याच्या शेंगेसारखं किंवा मूत्रपिंडासारखं केंद्रक. ताज्या नमुन्यात त्याचं केसाळ, गरगर फिरत सरकणारं रूप १० च्या लेन्सखालीही दिसतं. ब्लास्टोसिस्टिस ५ ते ४० मायक्रॉन, मध्ये मोठी पोकळी आणि कडेला बारीक केंद्रकं, ते हवेच्या बुडबुड्याशी आणि तेलाच्या थेंबाशी सहज गल्लत करवतं. क्रिप्टोस्पोरिडियम ४ ते ६ मायक्रॉनचं असतं, त्यासाठी सुधारित झील-नील्सन रंगवणी करा. ८ ते १० मायक्रॉनचं, तसंच गुलाबी दिसणारं काही मिळालं तर सायक्लोस्पोराचा विचार करा. त्या दोघांत माप हाच मुख्य भेद.

जे जंत नाही ते

फेब्रुवारीत एका टोळीच्या सगळ्याच नमुन्यांत मला एकसारखे, जाड भिंतीचे, जाळीदार नक्षीचे गोळे दिसले. कडेला किंचित तिकोनी झाक होती. कुठल्याही तक्त्यात बसेनात. रानात बरोबर येणाऱ्या कातकरी मित्राला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "वानरं सध्या काय खातात ते बघितलं का?" काटेसावर फुलली होती. एक पुंकेसर स्लाइडवर थेंबात चुरडला आणि तेच गोळे समोर होते. परागकण!

तेव्हापासून मी टोळीच्या खाण्यातल्या प्रत्येक फुलाची, म्हणजे काटेसावर, पांगारा, पळस यांची एक-एक संदर्भ स्लाइड करून ठेवतो. पानांवरचे केस अळीसारखे दिसतात, पण त्यांना आतडं नसतं आणि एक टोक तुटलेलं असतं. किड्यांच्या पोटातले ग्रेगॅरिन हे एकपेशीय परजीवी आणि माइटची अंडीही माकडाच्या विष्ठेतून जशीच्या तशी बाहेर पडतात. संशय असेल तेव्हा तीन गोष्टी विचारा: सगळ्यांचं माप अगदी एकसारखं आहे का, आत जिवंत रचना दिसते का, आणि त्याच माकडाच्या दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यात तेच आहे का.

मोजणी

मॅकमास्टर या अंडी मोजायच्या स्लाइडच्या दोन कप्प्यांत मिळून ०.३ मिली द्रावण मावतं. २ ग्रॅम विष्ठा आणि २८ मिली तरंगद्रावण घेतलं, तर दोन्ही कप्प्यांत मोजलेली अंडी गुणिले ५० म्हणजे दर ग्रॅमला अंडी. सात दिसली तर ३५०. या आकड्यावरून पोटात किती जंत आहेत ते काढू नका. पातळ विष्ठेत तो घसरतो, आणि रोज बदलतो. एका माकडाचे निदान तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने असतील तरच तुलना करा.

वर्गवारी कशी मांडायची

शास्त्रीय उतरंड हवीच: एकपेशीय जीवांमध्ये अमीबा, कशाभिकावाले, केसाळ आणि कॉक्सिडिया, आणि कृमींमध्ये गोलकृमी, पट्टकृमी, पर्णकृमी. पण माकडांच्या अभ्यासात तिच्याशेजारी दुसरी वर्गवारी ठेवली तर जास्त बोलकं चित्र उभं राहतं. परजीवी पोटात कसा शिरला? दूषित अन्न-पाण्यातून थेट, जसा जिआर्डिया. मातीत काही दिवस पिकून, जसा चाबूककृमी. कातडीतून, जसा अंकुशकृमी. की किडा किंवा माइट खाऊन, जशी बर्टिएला. या चार गटांत नमुने बसवले की देवळाजवळची टोळी आणि आतल्या रानातली टोळी यांतला फरक कागदावर आपोआप दिसू लागतो.

तिसरा रकाना पुराव्याचा. नाव कशावरून दिलं: फक्त अंडं किंवा कोष, वाढवलेली अळी, प्रौढ जंत की डीएनए. हा रकाना पुष्कळ अहवालांत नसतो आणि त्यामुळे दोन अभ्यासांची तुलना होत नाही. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो:

"नमुना १४. बॉनेट मकाक, प्रौढ मादी, विष्ठा पडताना पाहिली, सकाळी ६.५०. मऊ, रक्त नाही. पाहिलं सकाळी ११.१५. (१) ट्रायक्युरिस प्रजाती, अंडी ११ मोजली, लांबी ५२.५ ते ५७.५, रुंदी २२.५ ते २५. पुरावा: अंडी. (२) स्ट्राँगाइल-छाप अंडी, ४ मोजली, लांबी ६५ ते ७२.५. कोळशात लावली, नवव्या दिवशी म्यानवाल्या अळ्या ६, लांब धाग्यासारखी शेपटी, त्रिकोणी पेशी. ईसोफॅगोस्टोमम प्रजाती. पुरावा: अळी. (३) गोल, ९ मायक्रॉन, एकच दिसलं, रंगवणीत गुलाबी नाही. अनोळखी. फोटो ठेवला. अल्कोहोलचा वाटा: कपाट २, खण ३."